खातं कुणाचं, हे ठरवणारी एक बेरीज

‘माझे फोटो वापरायला मी फेसबुकला परवानगी देत नाही. हा मजकूर कॉपी करून तुमच्याही भिंतीवर लावा.’ हा निरोप २०१२च्या सुमारापासून फिरतो आहे. कधी त्यात रोम कराराचा दाखला असतो. तो करार युद्धगुन्हे आणि नरसंहाराबद्दलचा आहे, फोटोंशी त्याचा संबंध नाही. असा निरोप लावणं हा निव्वळ गंडा-ताईतासारखा तोडगा आहे. खातं उघडताना ज्या अटी मान्य केल्या, त्या त्यानं तसूभरही बदलत नाहीत.

निरोपामागची काळजी मात्र खरी आहे. आपलं खातं म्हणजे कंपनीच्या डेटाबेसमधली एक नोंद. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. ट्विटर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलरना विकलं गेलं. तिथे वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांना यातलं काहीही विचारलं गेलं नाही.

२०१६ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमानं यावर एक उपाय दिला: एका कंपनीऐवजी हजारो स्वतंत्र सर्व्हर. ईमेलसारखेच ते एकमेकांशी बोलतात, त्यांचा ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची नियमावली, २०१८ पासून वेबचं अधिकृत मानक आहे. पण इथेही खातं सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात राहतं. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. सत्ता वाटली गेली, पण आपल्यापर्यंत पोचली नाही.

ती पोचवायची तर ‘ही पोस्ट माझी आहे’ हे कुठल्याही सर्व्हरच्या साक्षीशिवाय सिद्ध करता आलं पाहिजे. ते करता येतं, आणि त्यामागचं गणित मला फार देखणं वाटतं. सार्वजनिक किल्लीची कल्पना डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. क्लाउस श्नोर यांची डिजिटल सही करायची पद्धत १९८९ची.

एका ठरलेल्या वक्रावर ‘ग’ हा सगळ्यांना माहीत असलेला बिंदू घ्या. या वक्रावर दोन बिंदूंची बेरीज करायचा नियम आहे. तुम्ही साधारण ७७ आकडी संख्या ‘ख’ यादृच्छिकपणे निवडता. ती तुमची खासगी किल्ली. ख × ग, म्हणजे ‘ग’ची स्वतःशीच ख वेळा बेरीज, ही सार्वजनिक किल्ली ‘स’. दुप्पट, मग तिची दुप्पट असं करत गेलं की हे काम फार तर ५१२ बेरजांत उरकतं. उलट दिशेनं, ‘स’वरून ‘ख’ काढायला, ज्ञात उत्तम पद्धतीनंही २चा १२८वा घात इतक्या पायऱ्या लागतात. सेकंदाला एक लाख कोटी पायऱ्या करणारे १०० कोटी संगणक जुंपले तरी हजार कोटी वर्षं जातील.

आता सही. दरवेळी नवी गुप्त संख्या ‘न’ घ्यायची आणि र = न × ग हा बिंदू जाहीर करायचा. र, स आणि पोस्टचा मजकूर यांचा मिळून हॅश, म्हणजे ठरलेल्या नियमानं त्यांच्यातून निघणारी एक मोठी संख्या, काढायचा, तो ‘ह’. मग

उ = न + ह × ख

(बेरीज एका ठरलेल्या मोठ्या संख्येनं भागून उरलेली बाकी घ्यायची.) र आणि उ मिळून सही झाली. दोन्ही बाजूंना ‘ग’नं गुणलं की तपासणाऱ्यानं पडताळायचं समीकरण मिळतं:

उ × ग = र + ह × स

त्याच्याकडे यातलं सगळं आहे, फक्त ‘न’ आणि ‘ख’ नाहीत. पोस्टमधला एक स्वल्पविराम हलला तरी ‘ह’ पूर्ण बदलतो आणि समीकरण मोडतं. ‘न’ मात्र दोन सह्यांत चुकूनही तोच वापरू नये. तसं झालं तर दोन समीकरणं आणि दोन अज्ञातं उरतात, आणि शाळेतल्या बीजगणितानं ‘ख’ बाहेर येतो.

२०२०चा नॉस्टर हा प्रोटोकॉल नेमका यावर उभा आहे. खातं म्हणजे किल्ली. पोस्ट सही करून हव्या तितक्या रिले-सर्व्हरांकडे पाठवायची. एकानं काढून टाकली, तरी दुसऱ्याकडून आलेली प्रत तितकीच अस्सल ठरते. यासाठी ब्लॉकचेन (बिटकॉइनसारख्या नाण्यांमागची सामायिक खातेवही) लागत नाही, कुठलं आभासी नाणंही विकत घ्यावं लागत नाही. विकेंद्रीकरणाच्या नावाखाली टोकन विकणाऱ्यांपासून दूर राहा.

अडचण दुसरीकडे आहे. किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं कुणी नसतं. चोरीला गेली तर तुमच्या नावानं चोर सही करतो. ब्लूस्काय हे ट्विटरसारखं माध्यम सहीची किल्ली सहसा सर्व्हरकडेच ठेवतं आणि ती बदलायची सोय देतं. सामान्य माणसाला हे झेपतं, पण भरवसा पुन्हा दुसऱ्यावर.

मला आशा वाटते ती आदी शमीर यांच्या १९७९च्या युक्तीतून. किल्लीचे पाच वाटे करायचे, कुठल्याही तिघांतून ती परत मिळते, दोघांतून तिचा एक अंकही कळत नाही. वरच्या सहीत नुसती बेरीज आणि गुणाकार असल्यामुळे पुढची पायरीही जमते: तीन वाटेकरी आपापल्या वाट्यानं अर्धवट सही करतात, त्या जोडून पूर्ण सही होते, आणि अख्खी किल्ली कुठल्याच संगणकावर एकत्र येत नाही. फ्रॉस्ट नावाची ही पद्धत २०२०ची, तिचा तपशील २०२४ मध्ये इंटरनेटच्या आरएफसी या तांत्रिक दस्तऐवजमालिकेत प्रसिद्ध झाला. रोजच्या वापरातल्या ॲपमध्ये ती सहज वापरता यावी, हे काम आता करायला हवं.