ताडोबाच्या सफारीसाठी नावं देताना

(आमच्याकडून बुकिंग करणाऱ्या सर्वांसाठी)

गाडी नांदेडहून किती वाजता निघणार, मुक्काम कुठं, जेवणात काय, हे तुम्ही फोनवर विचारता आणि आम्ही सांगतोच. हे पत्रक छापलं ते नावांसाठी.

कोअरमधल्या, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागातल्या सफारीचं परमिट माणसाच्या नावावर निघतं. एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत गाइड आणि चालक. बुकिंगच्या वेळी प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो, आणि गेटवर तेच ओळखपत्र दाखवावं लागतं. आम्ही नावं मागितली की ग्रुपवर मेसेज येतो, "मी, ताई, दाजी आणि तीन लेकरं." किंवा घरात हाक मारायची नावं येतात. सगळ्यात जास्त घोळ लग्न झालेल्या बायकांच्या नावांचा होतो. नवरा सासरचं नाव लिहून पाठवतो आणि आधारवर अजून माहेरचंच असतं. म्हणून नाव आठवणीतून सांगू नका, कार्ड समोर ठेवा आणि त्यावर इंग्रजीत जसं छापलंय तसंच लिहा.

दुसरी चूक माणूस बदलण्याची. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात परभणीचं एक कुटुंब आमच्यासोबत मोहर्ली गेटला आलं होतं. थोरल्या भावाला ऐन वेळी निघता आलं नाही, म्हणून त्यांच्या जागी साडूंना आणलं. आम्हाला हे कळलं पहाटे, गेटसमोर. साडूंना आत सोडलं नाही. त्यांचा मुलगा वडिलांशिवाय जाईना, तोही उतरला. दोघं थंडीत बाहेर बसून राहिले आणि आत गेलेल्यांचंही जंगलात मन लागलं नाही. परमिट निघालं की नाव बदलणं आमच्या हातात राहत नाही. तेव्हापासून कार्डाचा फोटो हातात आल्याशिवाय आम्ही बुकिंग करत नाही. "पैसे दिले तरी कागद कशाला?" असं काही जण रागावून विचारतात. त्यांचा राग आम्ही ऐकून घेतो, पण नियम सोडत नाही.

मूळ कार्ड खिशात ठेवा. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका, कोअरमध्ये मोबाईल चालतच नाही. फोटो काढायचे असतील तर कॅमेरा आणा.

तारखेचं थोडक्यात: ताडोबा मंगळवारी बंद असतं, पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअरही बंद. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड स्वेटर लागतोच. एप्रिल-मेमध्ये ऊन आपल्याकडच्यासारखंच कडक, पण वाघ पाणवठ्यावर येतो तो याच दिवसांत.

"वाघ दिसेलच ना?" याला आमचं उत्तर कायम एकच: शब्द देत नाही. नुसतं कोअरच ६२५ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातल्या ठरलेल्या रस्त्यांवरच गाडी फिरते. सांबर ओरडलं की गाइड गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावतो. त्या वेळी बोलू नका, चालकाला "पुढं घ्या" म्हणू नका. सांबर उगाच ओरडत नाही. वाघ जवळ असेल तर दहा-पंधरा मिनिटं शांत बसणाऱ्यांनाच तो दिसण्याची आशा. आम्ही शक्यतो एका सहलीत दोन सफाऱ्या ठेवतो, एक कोअरची आणि एक बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाची. खर्च थोडा वाढतो, पण एवढ्या लांब येऊन एकाच फेरीवर सगळं सोडणं आम्हाला पटत नाही.

ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत त्यांनी टिपेश्वरचा विचार जरूर करावा. पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य लहान आहे, आणि नांदेडकरांना ताडोब्यापेक्षा जवळचं. इथलाच एक वाघ चालत चालत मराठवाड्यातल्या गौताळा अभयारण्यात पोचला आणि २०२१ मध्ये तिथं कॅमेऱ्यात दिसला. पुढं इथलाच आणखी एक थेट धाराशिवच्या येडशी अभयारण्यात गेला. मराठवाड्यात वाघ परत आणणारं हे जंगल आपल्या माणसांनी पाहावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. एका मुक्कामात सहल होते.

दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत यायचं असेल तर घरातल्या सगळ्यांच्या कार्डांचे फोटो आत्ताच पाठवून ठेवा, तारीख नंतर ठरली तरी चालेल. सुट्ट्यांच्या सफाऱ्या बुकिंग उघडलं की भराभर संपतात. त्या वेळी दाजींचं पूर्ण नाव विचारायला फोन लावत बसलो, तर जागा हातची जाते.