ग्राफीनचा पापुद्रा चुरगळत का नाही?

स्फटिकातला अणू म्हणजे जागेवर ठोकलेली खुंटी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला लाखो कोटी वेळा थरथरत असतो आणि तापमान चढलं की थरथरही वाढते.

मग स्फटिक जेमतेम एका अणूइतकाच जाड असेल तर? ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा असाच एकपदरी पापुद्रा. असा स्फटिक टिकणारच नाही, असा हिशेब पायर्ल्स आणि लांडाऊ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात मांडला. प्रत्येक अणू शेजाऱ्याच्या आधाराने उभा असतो आणि दर वेळी किंचित चुकतो. एकाच ओळीत या चुका साचत जातात. त्रिमितीय स्फटिकात एका अणूकडून दुसऱ्याकडे जायला इतक्या वाटा असतात की चुका एकमेकींना सावरून घेतात. दोन मितींचं मात्र अधलंमधलं आहे: चुका साचतात, पण अतिशय सावकाश. नमुना दहापट मोठा केला, तर अणू जागेवरून जितका ढळतो त्या अंतराच्या वर्गात एक ठरावीक भर पडते. आणखी दहापट केला, तर पुन्हा तेवढीच. थोडक्यात, हिशेब बरोबर होता, पण तो अनंत पसरलेल्या पापुद्र्याचा होता. हातात येणाऱ्या तुकड्याला त्याची फारशी झळ नाही.

२००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी मँचेस्टरमध्ये चक्क चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून ग्राफीन वेगळं केलं. (नोबेल २०१० साली मिळालं.)

खरा धोका आडव्या, म्हणजे पापुद्र्याच्या पातळीतल्या, थरथरीचा नव्हताच मुळी. वर-खाली हलणाऱ्या अणूला रोखायला तिथे शेजारीच नाहीत! निव्वळ वाकण्याच्या ताकदीवर विसंबलेला मोठा पापुद्रा उष्णतेनेच चुरगळायला हवा. पण तो नुसता वाकू शकत नाही. लाट उठली की कुठेतरी ताणावंही लागतं, आणि कार्बन-कार्बन बंध ताणणं भलतंच महाग पडतं. सपाट कागद हातात लोंबतो, पन्हळीसारखा वळवला की ताठ राहतो, तसंच हे. लाटाच पापुद्र्याला ताठरपणा देतात.

२००७ मध्ये अधांतरी ताणलेल्या ग्राफीनवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा पापुद्रा तिरपा करताच विवर्तनाचे (झोत अणूंवरून विखुरून उमटणारे) ठिपके पसरट झाले. म्हणजे तो सपाट नव्हता. त्याच्यावरचे उंचवटे सुमारे १ नॅनोमीटरपर्यंतचे निघाले; दोन शेजारी अणूंमधलं अंतर तर अवघं ०.१४२ नॅनोमीटर.

या लाटांमुळेच नेहमीच्या तापमानाला ग्राफीन तापवलं की पसरण्याऐवजी आक्रसतं. लाटा उंचावतात आणि कडा आत ओढल्या जातात.