वेबसाइटच्या मागचं डिझाइन: जोड दिसता कामा नये

वेबसाइटच्या मागे जे बारीक डिझाइन असतं, बुट्ट्या, रेघा, कापडाचा पोत, ते एक मोठं चित्र नसतं बरं का. एक छोटा चौकोनी तुकडा असतो, त्याला आम्ही टाइल म्हणतो, आणि ब्राउझर तीच टाइल फरशी बसवल्यासारखी स्क्रीनभर लावत जातो. ४०० पिक्सेलची टाइल १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर आडव्या पाच आणि उभ्या तीन लागतात, म्हणजे तुकड्यात एक डाग राहिला की तो पंधरा ठिकाणी दिसणार.

म्हणून आमचं निम्मं काम जोडाचं. टाइल अर्धी उजवीकडे आणि अर्धी खाली सरकवायची, बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूने परत आत घ्यायचा, मग चारही कडा मधोमध येतात आणि जिथे जुळत नाही तिथे अधिकच्या चिन्हासारखी रेघ दिसते, ती हाताने मिटवायची, परत सरकवून बघायचं. कंटाळवाणं आहे पण याला शॉर्टकट नाही.

आता फोटोचं. एका साडीच्या दुकानासाठी खणाचं बॅकग्राउंड करायचं होतं, त्यांनी ब्लाउजपीसचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला, खिडकीजवळ काढलेला. फोटो सुंदर होता, पण डावीकडे उजेड आणि उजवीकडे किंचित सावली, आणि तो रिपीट केल्यावर पानभर उभे काळपट पट्टे! नुसत्या फोटोत ते डोळ्याला जाणवतही नव्हतं. शेवटी कापडच मागवलं, इस्त्री करून स्कॅनरवर ठेवलं, तिरका गेलेला धागा सरळ केला आणि बुट्टीपासून बुट्टीपर्यंत मोजून कापलं. खणात रिपीट मुळातच विणलेला असतो, तो नीट सापडला की जोड जवळजवळ आपोआप बसतो. त्यामुळे कापड असेल तर फोटोपेक्षा कापडच पाठवा, आम्ही परत करतो.

बुट्ट्या एकाखाली एक सरळ आल्या की रांगा डोळ्यात भरतात. साडीवर असतात तशा एकाआड एक हव्या असतील तर दोन ओळींची मिळून एक टाइल करावी लागते, ४०० ऐवजी ८०० उंच, फाइल थोडी वाढते पण दिसायला फार फरक पडतो.

वारलीसारखं रेघांचं काम आम्ही एसव्हीजीमध्येच देतो, म्हणजे चित्र पिक्सेलऐवजी रेघांच्या मापांत साठवणाऱ्या फाइलमध्ये, काही केबीत होतं आणि कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. कापड, कागद, दगड यांचा पोत असेल तर जेपीजी किंवा वेबपी या फोटोच्या फाइली, आणि चांगल्या मोबाइलवर धूसर दिसू नये म्हणून दुप्पट पिक्सेलमध्ये बनवून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, अर्ध्या मापाला बसवतो.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसतो, ती म्हणजे अक्षरं वाचता येणं. पैठणीचा मोर कितीही देखणा असला तरी त्याच्यावर दुकानाचा पत्ता लिहिला तर ग्राहकाला पत्ताच सापडत नाही, आणि आपल्या देवनागरीत तर वेलांट्या, अनुस्वार, रफार सगळे बारीक, मागे ठिपके असले की अनुस्वार कुठला आणि ठिपका कुठला तेच कळत नाही. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक लागतो, तो आम्ही डिझाइनमधल्या सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिक्या अशा दोन्ही ठिकाणी मोजतो. जमत नसेल तर डिझाइन बाजूच्या मोकळ्या जागेत आणि मजकुराखाली साधा रंग.

गुगलवरून उचललेलं चित्र कृपया पाठवू नका, त्याचा मालक दुसराच कुणीतरी असतो. तुमच्याकडचं कापड, आजीच्या हातची ठिपक्यांची रांगोळी, जुन्या घरातली नक्षीची फरशी, यातलं काहीही चालेल. नमुना तयार झाला की लिंक पाठवू, तो आधी तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर, बाहेर उन्हात उभं राहून बघा आणि मगच हो म्हणा.