अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या सेंट हेलेना बेटावरची पेन शाळा : पार्श्वभूमी

पेन शाळेचा पहिला वर्ग भरला तेव्हा त्यात बसलेले सगळे कायद्याने अजून गुलामच होते. तो महिना जून 1862. लिंकन यांची मुक्तिघोषणा लागू व्हायला सहा महिने बाकी होते.

अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होतं. 7 नोव्हेंबर 1861 ला उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयल जिंकलं. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचे मळेवाले पळाले आणि बेटांवर सुमारे 10,000 गुलाम उरले. त्यांना लिहायला-वाचायला शिकवणं या राज्यात 1834 पासून गुन्हा होता. फिलाडेल्फियाहून आलेल्या लॉरा टाउन आणि त्यांची मैत्रीण एलन मरी यांनी ओक्स नावाच्या मळ्यावरच्या घरात, मागच्या खोलीत, नऊ जणांपासून सुरुवात केली.

त्याच वर्षी शाळा ब्रिक चर्चमध्ये हलली. 1855 चं हे चर्च गुलामांनीच बांधलेलं, पण त्यांनी बसायचं ते वरच्या सज्ज्यात. आता सगळं सभागृह त्यांच्या मुलांचं झालं, आणि अडचण निघाली ती आवाजाची. मध्ये भिंत नाही, एकाच वेळी तीन शिक्षिका शिकवणार, म्हणजे प्रत्येकीला दुसरीपेक्षा मोठ्याने बोलावं लागे. त्यात मोठ्या मुली धाकटी भावंडं कडेवर घेऊन येत. तिसऱ्या शिक्षिका शार्लट फोर्टन. उत्तरेतून तिथे शिकवायला आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई.

मग चर्चसमोरच शाळेची इमारत उभी राहिली. तिचे सुटे भाग फिलाडेल्फियात बनवून जहाजाने आणले, 1865 च्या सुरुवातीला ते जोडले. घंटेवर अक्षरं होती : ‘स्वातंत्र्याची घोषणा करा’. जागा हेस्टिंग्ज गँट या पूर्वीच्या गुलामाची. शाळा टिकली याचं खरं कारण इथे आहे. कर थकल्यामुळे जप्त झालेले मळे 1863 पासून विकले गेले आणि बेटावरच्या अनेक कुटुंबांनी दहा-दहा एकरांचे तुकडे घेतले. जमीन स्वतःची, त्यामुळे मुलाला शाळेतून काढून शेतावर धाडायला वर मालक नव्हता. (1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा ही शाळा अकरा वर्षांची होती.)

1901 मध्ये टाउन वारल्या. नंतरच्या चालकांनी हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांना हातची कामं शिकवणाऱ्या संस्थेच्या धर्तीवर सुतारकाम, शेती, टोपल्या विणणं आणलं. बेटाला त्याचा उपयोग झाला. पण टाउनबाईंनी उत्तरेतल्या शाळांच्या तोडीचा ठेवलेला पुस्तकी अभ्यास मागे पडला, हेही खरंच.

पहिल्या महायुद्धानंतर कापूस बसला. तो खाणारा किडा आपल्या बोंडअळीहून वेगळा, सोंडेचा भुंगेरा. इथला लांब धाग्याचा कापूस पिकायला जास्त दिवस घेई, तेवढा त्याला जास्त वेळ मिळे. माणसं कामासाठी शहरांकडे गेली, पटसंख्या घसरली. 1948 मध्ये मुलं सरकारी शाळांकडे वर्ग झाली.

आवार मात्र वापरात राहिलं. गोरे-काळे एकत्र मुक्काम करू शकतील अशा जागा दक्षिणेत थोड्याच. म्हणून 1960 च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बैठका इथे होत. 2017 मध्ये आवारातला डॅरा हॉल आणि ब्रिक चर्च राष्ट्रीय स्मारकात आले. चर्चमध्ये प्रार्थना अजून भरते.