सोयाबीनच्या रानात नांगर घातलाच नाही तर मातीत काय होतं?

दोन काचेचे ग्लास घ्या, पाणी भरा. एकात दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतातलं वाळलेलं ढेकूळ हळूच सोडा, दुसऱ्यात पाच-सहा वर्षं नांगर न लागलेल्या, काडकचरा तसाच ठेवलेल्या शेतातलं. पहिल्यातून बुडबुडे येतात, ढेकूळ कडेनं सुटायला लागतं आणि थोड्या वेळात तळाशी नुसता गाळ उरतो. दुसरं बहुतेक वेळा तसंच बसून राहतं, पाणीही बऱ्यापैकी नितळ. दोन्ही शेतं शेजारी-शेजारी असली, माती एकाच जातीची असली तरी हा फरक दिसतो. बिना नांगरणीच्या शेतीबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच करून बघायला सांगतो, बाकीचं सगळं त्यातच आहे.

ते दुसरं ढेकूळ धरून कोण ठेवतं? तर बारीक मुळं, बुरशीचे धागे, बॅक्टेरियांनी सोडलेला चिकट पदार्थ, गांडुळांची विष्ठा. हे सगळं मिळून मातीच्या कणांचे छोटे छोटे गोळे बांधतं आणि त्या गोळ्यांच्या मधल्या पोकळ्यांतून हवा-पाणी फिरतं. नांगर फिरला की बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळं मोडतात, गोळ्यांच्या आत लपलेला सेंद्रिय कर्ब उघडा पडतो, आणि मग भरपूर ऑक्सिजन मिळाल्यावर बॅक्टेरिया त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणजे नांगरल्यावर पिकाला जी एकदम ताकद मिळाल्यासारखी वाटते ती बरीचशी साठवणीतली असते.

नांगरलेलं रान भुसभुशीत दिसतं आणि त्या दिवशी ते खरंच तसं असतं, पण पहिला जोराचा पाऊस उघड्या मातीवर आपटला की गोळे फुटतात, बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. सोयाबीनला हे जास्त नडतं, कारण त्याचं रोप मान वाकवून, बियाची दोन्ही दलं डोक्यावर घेऊन वर येतं. पापुद्रा कडक असला की आतल्या आत मान मोडते आणि ओळीत खाडे पडतात, मग आपण म्हणतो बियाणं खराब होतं.

ब्राझीलमधल्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ नावाचा शेतकरी नेमक्या या पावसालाच वैतागला होता, प्रत्येक मोठ्या पावसात पेरलेलं आणि माती दोन्ही वाहून जायचं. त्याने अमेरिकेत जाऊन नांगर न घालता पेरणारी यंत्रं बघितली आणि 1972 साली आपलं सोयाबीन जुन्या धसकटातच पेरलं. आज ब्राझील-अर्जेंटिनामध्ये सोयाबीनचं बहुतेक क्षेत्र याच पद्धतीने पेरलं जातं.

आता मुळांवरच्या गाठींचं बघू. फुलोऱ्याच्या वेळी एक झाड माती न झटकता उपटा आणि एक गाठ नखानं फोडा, आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करतीये, हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला देतीये. पांढरी किंवा हिरवट असली तर नाही. जमिनीत आयता नायट्रेट (नत्राचं तयार रूप) भरपूर असला की सोयाबीन गाठी करायला आळस करतं, आणि नांगरणीनं कर्ब कुजून हाच नायट्रेट एकदम मोकळा होतो. झाकलेल्या, थंड, ओलसर मातीत गाठीतले बॅक्टेरियाही जास्त तग धरतात.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे, नुसता नांगर बंद करून सोयाबीनमध्ये भागत नाही. मका-गव्हासारखं भरपूर काड सोयाबीन मागे ठेवत नाही, पानं काढणीआधीच गळतात, त्यात नत्र जास्त म्हणून पटकन कुजतात, उरतात त्या चार काड्या. सोयाबीनवर सोयाबीन घेत राहिलं तर नांगर न घालताही जमीन उघडीच पडते, आणि उघडी न हललेली माती तर आणखी घट्ट होते. 2015 साली 610 अभ्यास एकत्र करून जो मोठा हिशोब मांडला गेला त्यात बिना नांगरणीनं सगळ्या पिकांचं मिळून उत्पादन सरासरी 5.7 टक्क्यांनी घटलेलं दिसलं, पण कोरडवाहू, कमी पावसाच्या भागात काड राखून आणि पिकांची फेरपालट करून केलं तिथे ते 7.3 टक्क्यांनी वाढलं. मला वाटतं या दोन आकड्यांमधली सगळी गंमत त्या काडातच आहे.

अडचणी खऱ्या आहेत. पहिली दोन-चार वर्षं माती घट्ट वाटते कारण गांडुळं आणि मुळं अजून वाटा पाडतायत. तण तणनाशकावरच मारत राहिलं तर तणं त्याला दाद देईनाशी होतात, हे अमेरिकेत झालेलं आहे. स्फुरद (फॉस्फरस) वरच्या थरातच साठतो. आणि कर्ब वाढतो तो मुख्यतः वरच्या पाच-दहा सेंटीमीटरमध्ये, खोल मातीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे याने हवामान बदल थांबेल वगैरे दावे मला पटत नाहीत. पण पाऊस मुरतो तो त्या वरच्याच थरातून, आणि पेरलेलं बी तिथेच असतं.

म्हणून काड आणायचं कुठून हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आधीचं पीक तृणधान्याचं घ्यायचं आणि त्याचं काड न जाळता, न उचलता त्यातच सोयाबीन पेरायचं, हा एक रस्ता. दुसरा मला फार आवडतो: सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली की उभ्या पिकातच राय (rye, गव्हासारखं तृणधान्य, मोहरी नव्हे) अशा जमीन झाकणाऱ्या आच्छादन पिकाचं बी फोकायचं, म्हणजे गळणारी पानं त्या बियांवर पडतात, खाली ओल टिकते, आणि सोयाबीन कापेपर्यंत रान पुन्हा हिरवं झालेलं असतं.