जुना कोक परत आला, पण तो डाव नव्हता

13 जुलै 1985. 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफिलीत गायक फिल कॉलिन्स लंडनला गायला आणि काँकॉर्डने अमेरिकेला जाऊन त्याच दिवशी फिलाडेल्फियातही गायला. त्याच शनिवारी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. तरी त्या आठवड्यात एबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीने दुपारची मालिका मध्येच थांबवली ती वेगळ्याच बातमीसाठी: जुना कोक परत येतोय! एप्रिलमध्ये कोका-कोला कंपनीने जुनी चव बंद करून नव्या चवीचा 'न्यू कोक' आणला होता; 11 जुलैला तिने जुना परत आणायची घोषणा केली.

तेव्हापासून एक गोष्ट फिरतेय. म्हणे 'न्यू कोक' हे नाटकच होतं; त्याआडून जुन्या कोकमधली साखर काढून मक्याचा पाक घालायचा होता. हे खरं नाही. मक्याचा पाक वापरायची मुभा बॉटलिंग कारखान्यांना 1980 पासूनच मिळू लागली होती. मग लपवायचं काय?

चूक खरीखुरी होती. चव-चाचण्या सुमारे 2 लाख लोकांवर झाल्या, नवी चव जिंकलीही. पण घोटभर चाखणं वेगळं आणि आयुष्यभराची सवय कुणी काढून घेणं वेगळं. एप्रिलमध्ये पेप्सीने कर्मचाऱ्यांना सुट्टी देऊन विजय साजरा केला होता. स्वतःची अशी शोभा 79 दिवस कुणी मुद्दाम करून घेत नाही.