अर्शिल गॉर्की: खोरगोमच्या बागेपासून युनियन स्क्वेअरपर्यंत

चित्रकार अर्शिल गॉर्कीला कोणी स्वप्नांतून, अबोध मनातून चित्र काढणारा अतिवास्तववादी म्हणतं, कोणी ओळखीच्या आकारांपेक्षा रंग-रेषांतून भावना मांडणाऱ्या अमूर्त अभिव्यक्तिवादाचा आरंभकर्ता. मला दोन्ही शिक्के अपुरे वाटतात. त्याच्या कॅनव्हासवरचे पाकळ्या, यकृत, पिसं यांची आठवण करून देणारे आकार एका हरवलेल्या गावातून आले आहेत.

ते गाव खोरगोम. ओटोमन साम्राज्यातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, वान सरोवराकाठचं आर्मेनियन खेडं. तिथे १९०४ च्या सुमारास तो जन्मला. मूळ नाव वोस्तानिक अदोयान. वडील पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेले. त्यांना पाठवायला १९१२ साली आई शुशान आणि वोस्तानिक यांनी वानमध्ये एक फोटो काढून घेतला. तीन वर्षांनी आर्मेनियनांचा संहार सुरू झाला. मायलेकरं जीव मुठीत धरून निघाली आणि आजच्या आर्मेनियातल्या येरेवान परिसरात पोचली. तिथे १९१९ साली आई भुकेने गेली. पुढच्या वर्षी वोस्तानिक अमेरिकेत उतरला. तिथे त्याने रशियन वाटेल असं नाव घेतलं आणि आपण लेखक मॅक्सिम गॉर्कीचे नातलग असल्याचं सांगू लागला. खरं तर 'गॉर्की' हे त्या लेखकाचंही टोपणनावच!

चित्रकला तो मुख्यतः संग्रहालयांत शिकला. आधी सेझान, मग पिकासो, मग मिरो, एकेकाची शैली अंगी मुरेपर्यंत त्याने गिरवली. याला नक्कल म्हणून हिणवणं मला पटत नाही. ती साधना होती. त्याच काळात, १९२६ पासून, वानच्या त्या फोटोवरून तो 'कलावंत आणि त्याची आई' रंगवत होता. रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. या विषयाचे दोन मोठे कॅनव्हास आहेत आणि वर्षानुवर्षं खपूनही आईचे हात त्याने तपशिलात रंगवले नाहीत.

१९४० नंतर बाग आली. 'सोचीमधली बाग' या मालिकेच्या नावात काळ्या समुद्रावरचं रशियन शहर असलं, तरी आठवण वडिलांच्या बागेची होती. तिथे एक निळसर खडक होता, आणि लोक नवसासाठी कपड्यांच्या चिंध्या बांधत ते झाड. मग १९४३ चा उन्हाळा व्हर्जिनियातल्या सासुरवाडीच्या शेतावर गेला. गवतात बसून, अगदी जवळून पाहत त्याने रेखाटनं केली. चित्रकार मात्ताच्या सांगण्यावरून तो रंग टर्पेंटाइनने पातळ करू लागला. ओघळ वाहू लागले, रेघ मोकळी झाली. अतिवास्तववादाचा प्रणेता, फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेताँने १९४५ च्या प्रदर्शनासाठी त्याच्यावर लिहिलं. 'माझ्या आईचा नक्षीदार एप्रन माझ्या आयुष्यात उलगडतो' हे चित्र १९४४ चं.

त्या चित्रानंतर त्याला मिळाली ती चारच वर्षं. जानेवारी १९४६ मध्ये स्टुडिओ जळाला, मार्चमध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, जून १९४८ मध्ये मोटार अपघातात मान मोडली आणि रंगवणारा हात लुळा पडला. त्याच जुलैत त्याने जीवन संपवलं.

पुढच्याच वर्षी चित्रकार विलेम डी कूनिंगने एका कलानियतकालिकाला पत्र लिहिलं. आपण कुठून आलो याची नोंद हवीच असेल, तर ३६, युनियन स्क्वेअर, असं त्याने त्यात कळवलं. तो गॉर्कीच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओचा पत्ता होता.